शीळ घालणारे सर

सर सकाळपासून ज्याच्याकडे बघायचं टाळत होते, ते समोर टेबलावर बसून लाल दिवा मिचकावत होतं.

मोडेम म्हणजे वहीएवढा एक काळा डबा. त्यात एकीकडून टेलिफोनची वायर घुसते, दुसरीकडून कॉम्प्युटरची, आणि मधे काय होतं ते देवाला ठाऊक आणि सरांच्या साडूला. निदान साडूचं म्हणणं तसं होतं. हा साडू बँकेत. बँकेने त्याला कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं, आणि तिथून आल्यापासून तो साध्या माणसांशी जरा हळू आणि मोठ्याने बोलायला लागला होता, बहिऱ्याशी बोलतात तसं.

सरांचा टायपिंगचा क्लास. घराच्या पुढच्या हॉलमधे दोन रांगा टाइपरायटर, मागच्या खोलीत मॅडमचं शॉर्टहँड. मॅडम म्हणजे सरांची बायको. एके काळी या हॉलमधे असा खडखडाट चालायचा की खाली दुकानात डबे हलायचे. आता निम्म्या मशिनांवर कायमची कव्हरं. पोरं सगळी रस्त्यापलीकडच्या कॉम्प्युटर सेंटरात, तिथे काचेचं दार आणि गार हवा. म्हणून सरांनी मन घट्ट करून कॉम्प्युटर घेतला आणि टायपिंगची कामं शोधायला लागले.

पहिलंच मोठं काम मिळालं ते पंप बनवणाऱ्या कंपनीचं. सगळ्या सुट्या भागांची यादी, प्रत्येकाचा नंबर, वर्णन, सगळं इंग्रजीत. सरांनी ती ठोकून काढली. पण कंपनीच्या साहेबाची अट विचित्र होती.

"मास्तर, फ्लॉपी घेऊन येऊ नका. मोडेमवरून पाठवा. आमचा कॉम्प्युटर ती यादी परस्पर वाचणार, आलेल्या ऑर्डरशी नंबर जुळवणार, माणूस मधे हात लावणार नाही. दुपारच्या चहाच्या आत आली, तर दर महिन्याचं काम तुमचं. नाही तर ते सेंटरवाले मागे लागलेच आहेत."

आता बोला. दर महिन्याचं काम म्हणजे क्लास चालू. नाही म्हणजे मशिनं भंगारात आणि सर घरी, कव्हर घालून.

सर कॉम्प्युटरसमोर ताठ बसले. पाठ सरळ, कोपरं अंगाला, मनगटं वर. कीबोर्डवर त्यांनी क्लासातल्या शिस्तीने एक फडकं टाकलं होतं आणि हात त्याच्याखाली. सरांचा नियम होता: नजर कागदावर, बोटं कळांवर. कळांकडे बघणारा टायपिस्ट नव्हेच. कित्येक पिढ्यांना त्यांनी लाकडी पट्टीने हे पटवलं होतं. त्यामुळे कॉम्प्युटर आल्यावर सर कळांकडे बघत नव्हतेच, वर पडद्याकडेही बघत नव्हते. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येत-जात, सर त्यांना मान देत नसत.

साडूने टेबलाला टेकून सांगितलं, "साडूभाऊ, सोप्पंय. प्रोग्रॅममधे नंबर टाइप करायचा, एंटर मारायचं. तिकडचा कॉम्प्युटर फोन उचलेल, दोघं गातील, जुळलं की फाईल सोडायची. गेल्या रविवारी माझ्या बँकेशी जुळवून दाखवलं नव्हतं का?"

"हो, पण तेव्हा केवढं किंचाळलं ते!"

"म्हणून तर आवाज बंद करून ठेवलाय. क्लासच्या पोरी घाबरतात."

सरांनी कागद समोर धरला. नंबर होता पाच, सहा, एक, नऊ, चार, दोन, आठ. फडक्याखाली बोटं सराईत फिरली. एंटर.

शांतता. मोडेमचे दिवे लुकलुकले. मग पडद्यावर दोन शब्द आले.

"नो कॅरियर," साडूने वाचलं.

"म्हणजे?"

"म्हणजे समोरून कोणी गात नाहीये."

"साहेब तर म्हणाले, सकाळपासून कॉम्प्युटर चालू ठेवलाय!"

"लावा परत. तोच नंबर आहे, नुसतं एंटर मारा."

मारलं. नो कॅरियर. परत मारलं. परत तेच. सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि बघायला नको होतं असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे आप्पा उतरले. आप्पांकडे फोन नव्हता, त्यांच्या मुलीचा फोन सरांकडे यायचा, त्यामुळे सरांच्या फोनवर त्यांचा निम्मा हक्क आहे असं ते धरून चालायचे. आत स्वयंपाकघरात त्याच लाईनचा दुसरा फोन होता. आप्पा सरळ तिकडे गेले, तो उचलला, कानाला लावला आणि ठेवला.

"चालू आहे का बघितलं," ते बाहेर येऊन म्हणाले.

"आप्पा! उचलू नका! फोन उचलला की इकडचं तुटतं!"

"काही जोडलेलंच नव्हतं की. नुसती कोणीतरी बाई हॅलो हॅलो करत होती."

पण हे वाक्य कोणी ऐकलंच नाही, कारण साडू त्याच वेळी मोडेमची वायर उपटून परत घालत होता आणि सर त्याच्यावर ओरडत होते. माणसं ऐकतच नाहीत, तो एक रोगच आहे. ऐकलं असतं तर इथेच सगळं मिटलं असतं आणि सरांची अब्रू वाचली असती.

आप्पांनी स्टूल ओढलं. "मी काय म्हणतो, फ्लॉपी घ्या, रिक्षात बसा, नेऊन द्या. अर्ध्या तासाचं काम."

"आप्पा, मोडेमवरून येते की नाही तेच त्यांना बघायचंय."

"मग मोडेम घेऊन रिक्षात बसा."

सरांनी परत एंटर मारलं, जरा जोरातच.

मॅडम शॉर्टहँडची वही काखेत घेऊन आल्या. "अहो, लाईनच खराब असेल. तक्रार नोंदवा ना."

टेलिफोन ऑफिसात तक्रार नोंदवणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं, आवाजसुद्धा येत नाही. मागे सरांचा फोन बंद पडला तेव्हा माणूस आला होता तो पावसाळा उलटल्यावर. तरी सरांनी फोन लावला. पलीकडच्या माणसाने नंबर विचारला, "फॉल्ट काय?" विचारलं, "बघतो" म्हणाला आणि ठेवून दिला.

मग सर पुन्हा एंटर मारत बसले. कुणी म्हणालं हळू मारा. आप्पा म्हणाले मोडेम तापलाय, ओलं फडकं ठेवा. साडूने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग टेबल हलवलं. समोरच्या सेंटरचा मालक गॅलरीत येऊन इकडे बघत उभा राहिला, हातात कप. चहाचा कप! कंपनीत चहा झाला असेल का?

आणि बेल वाजली.

दारात टेलिफोनचा इन्स्पेक्टर. खिशाला पेन, काखेत फाईल, मागे शिडी घेतलेला लाईनमन. सर खुर्चीतून उडालेच.

"या या या! इतक्या लवकर! बघा, आमच्या लाईनमधे फॉल्ट आहे."

"आमच्या लाईनमधे फॉल्ट नसतो," इन्स्पेक्टर थंडपणे म्हणाला. आत येता येता टाइपरायटरांच्या रांगा बघून तो जरा थबकला, पण पुन्हा चेहरा सरकारी केला. "मी वेगळ्याच तक्रारीवरून आलोय. या नंबरावरून सकाळपासून एका बाईंना त्रास दिला जातोय."

"कसला त्रास?"

"शीळ."

"काय?"

"फोन वाजतो, बाई उचलतात, आणि कोणीतरी शीळ घालतं. बोलत नाही. नुसती शीळ. थांबतं, परत शीळ. सकाळपासून चाललंय. बाई एकट्या राहतात. एक्स्चेंजमधून शोधून काढलं, फोन इथून जातोय." त्याने फाईल उघडली. "घरात तरुण मुलगा वगैरे?"

"आम्हाला मूलबाळ नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग पुरुष कोण?"

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. साडूने बघितलं, आप्पांनी बघितलं, शिडीवाल्याने तर निरखून बघितलं. मॅडमची नजर सर्वात वाईट. तिच्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"मी?" सरांचा आवाज चिरकला. "अहो, मला शीळ येत नाही! हिला विचारा! लग्नाआधीसुद्धा येत नव्हती!"

"ते खरंय," मॅडम म्हणाल्या. "प्रयत्न करायचे."

"लाईन तोडण्याचा हुकूम आहे," इन्स्पेक्टर म्हणाला. लाईनमन शिडी भिंतीला लावून वर चढला.

लाईन तुटली की फाईल गेली, फाईल गेली की काम गेलं, आणि वर ही शीळ. उद्या क्लासच्या पोरींचे आईबाप काय म्हणतील? टायपिंग शिकवतात ते सर ना, शीळवाले?

"थांबा!" ते ओरडले. "आमचा कॉम्प्युटर फक्त एक नंबर लावतो. कंपनीचा. तुमच्यादेखत लावतो. साडूभाऊ, आवाज चालू करा!"

साडूने आवाज चालू केला. सरांनी एंटर मारलं. मोडेममधून आकडे कटकट वाजले, पलीकडे घंटी वाजली, कोणीतरी उचललं. मोडेमने एक बारीक, लांब शीळ घातली. चांगली गोड होती.

"मेल्या!" मोडेमच्या पोटातून आवाज आला. "परत तूच! लाज नाही वाटत? घरात आया-बहिणी नाहीत? आवाज ऐकून तर म्हातारा वाटतोस!"

मोडेमने पुन्हा शीळ घातली.

"घाल, घाल! तुझे दात पडोत, मग बघते कशी घालतोस!"

सरांनी झडप घालून रिसीव्हर उचलला. "बाई, बाई, ऐका! मी शीळ घातली नाही! ती आमच्या डब्याने घातली!"

"डब्याने?"

"मी टायपिंगचे सर आहे. फाईल पाठवतोय. पंपांची!"

मग बाई एकदम वेगळ्या, काळजीच्या आवाजात म्हणाल्या, "घरात दुसरं कोणी आहे का? त्यांना द्या बरं फोन."

इन्स्पेक्टरने फोन घेतला. "हां बाई, मी टेलिफोनचा. इथेच आहे. तुमचा नंबर सांगा एकदा. पाच, सहा, नऊ, चार, दोन, आठ. बरं." त्याने सरांकडे हात केला. "आणि तुम्ही लावताय तो?"

सरांनी कागद वाचला. "पाच, सहा, एक, नऊ, चार, दोन, आठ."

"हां. यांचा नंबर जुन्या एक्स्चेंजचा, सहा आकडी. तुमच्या कंपनीचा नवीन, सात आकडी. म्हणजे मधला एक जातच नाहीये."

"मोडेमने एक खाल्ला?" आप्पांनी विचारलं.

साडूने पडद्याला नाक लावलं. "इथे तर दिसतोय की. पाच, सहा, एक, नऊ..." मग तो थांबला. "साडूभाऊ, हा एक जरा बारीक दिसतो. तुम्ही एक कुठून मारता?"

"म्हणजे कुठून? एक मारतात तिथून. उजव्या हाताचं तिसरं बोट, करंगळीशेजारचं."

"ते तर इंग्रजी एल आहे."

"मग? एकच तो!"

आता हे कळायला जुना टाइपरायटर बघायला हवा. त्याच्यावर आकडे दोनपासून सुरू होतात. एकची कळच नसते. लहान एल मारायचा, कागदावर तो एकसारखाच उमटतो, भांडण संपलं. सर जन्मभर तेच मारत आले, पोरांना तेच शिकवत आले. कॉम्प्युटरला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. मोडेमला एल दिसला, हा काही आकडा नाही म्हणून त्याने सोडून दिला आणि उरलेला नंबर त्या बाईंना लावला.

सरांनी हळूच फडकं उचललं. आयुष्यात पहिल्यांदा ते कळांकडे बघत होते. डाव्या हाताला, अगदी वरच्या कोपऱ्यात, दोनच्या शेजारी एक कळ होती.

"ही कधी आली?" ते पुटपुटले.

मॅडम वहीत काहीतरी भराभर उतरवत होत्या. कोणी जोरात बोललं की त्यांचा हात आपोआप चालायचा. "अहो, त्या बाई अजून फोनवर आहेत. माफी मागा. 'तुझे दात पडोत' पर्यंत सगळं उतरवलंय मी."

सरांनी माफी मागितली. बाई म्हणाल्या, "आधी बोलायचं नाही का हो? मी दाराला कडी घालून बसलेय सकाळपासून." आणि ठेवता ठेवता, "जाऊ दे आता ती तुमची फाईल."

मग सरांनी एका बोटाने, शोधून, कोंबडीने दाणा टिपावा तसा तो एक टिपला. एंटर.

घंटी. उचललं. मोडेमने शीळ घातली, आणि पलीकडून उत्तरादाखल अशी काही किंचाळी आली, मग घरघर, मग खरखर, की आप्पा स्टुलावरून उठले. "जुळलं!" साडू नाचला. सरांनी फाईल सोडली. पडद्यावर एक पट्टी उमटली आणि कणाकणाने भरायला लागली.

आता मात्र सरांनी घराचा ताबा घेतला. मॅडम स्वयंपाकघरातल्या फोनपाशी पहाऱ्याला. आप्पांनी दोन्ही हात मांडीखाली घ्यायचे. लाईनमनने शिडीवरून उतरायचं नाही, वायरला धक्का लागतो. कोणी शिंकायचं नाही. पंखासुद्धा बंद केला. सगळे घामाघूम होऊन पट्टीकडे बघत होते. पाव झाली. अर्धी झाली. अर्ध्याच्या पुढे गेली. इन्स्पेक्टर हळूच म्हणाला, "सर, ओळखलं नाही ना? मी तुमच्याच क्लासचा. खिडकीजवळचं तिसरं मशीन. तुमच्या पट्टीचा वळ अजून आहे."

"श्श!" सर म्हणाले. पण बरं वाटलं.

पट्टी जवळजवळ भरत आली. सर पहिल्यांदाच पडदा नीट वाचत होते. पट्टीच्या वर फाईलचं नाव होतं. पार्ट्‌स, आणि पुढे एक.

तो एक बारीक होता.

नावात एल. मग आत? आत शेकडो भाग, प्रत्येकाला नंबर, नंबरात एक किती असतील? तिकडे माणूस बघणार नाही, कॉम्प्युटर परस्पर वाचणार. आज याने एक एल सोडला तर बिचाऱ्या बाईंनी दाराला कडी घातली. तिकडचा हजार एल घेऊन बसला, तर वॉशर मागणाऱ्याला काय पाठवेल?

पट्टीत नखाएवढी जागा उरली होती.

सरांनी हात पुढे केला आणि रिसीव्हर उचलला.

पट्टी थिजली. पडद्यावर दोन शब्द आले, ते आता सगळ्यांना पाठ होते.

साडू केस उपटत ओरडला, "काय केलंत हो! अहो, गेली होती की! गेली होती!"

"म्हणूनच," सर म्हणाले.

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, पडद्यावरच्या नावातल्या एलवर बोट ठेवलं आणि आतल्या नंबरांचं सांगितलं. आणि फोन वाजला. कंपनीचा साहेबच असणार. सरांचा हात उठेना. काय सांगणार? मी टायपिंगचा मास्तर, मला एक मारता येत नाही?

इन्स्पेक्टरने फोन उचलला. क्षणभर त्याने सरांकडे बघितलं, मग स्वतःच्या तळहातावरच्या वळाकडे.

"नमस्कार. टेलिफोन इन्स्पेक्टर बोलतोय. हो, मधेच तुटलं, कल्पना आहे. लाईनमधे फॉल्ट आहे." लाईनमन शिडीवरून पडता पडता वाचला. "हो, आमच्याच लाईनमधे. काम चालू आहे. ऑफिस बंद व्हायच्या आत सुरळीत होईल. मी स्वतः थांबलोय."

साहेब म्हणाला ठीक, सरकारी काम आहे, थांबतो.

पुढचं काही विचारू नका. साडू म्हणाला, सोप्पंय, कॉम्प्युटरला सांगतो सगळे एल काढ, एक घाल. घातले. मग प्रत्येक व्हॉल्व्हच्या आणि सीलच्या पोटात एकेक आकडा जाऊन बसला आणि ते सगळं उलटं फिरवताना अर्धा तास गेला. त्यानंतर साडूला चहा करायला आत पाठवलं. मॅडमने मूळ कागदावरून नंबर मोठ्याने वाचायचे, सरांनी पडद्यावर शोधून दुरुस्त करायचे. पण बोट ऐकेल तर शपथ! मॅडम "एक" म्हणाल्या की करंगळीशेजारचं ते बोट आपलं आपण एलवर जाऊन पडायचं. शेवटी सरांनीच भिंतीवरची लाकडी पट्टी काढली आणि इन्स्पेक्टरच्या हातात दिली.

"सर, नको."

"मार."

"सर, नजर पडद्यावर," इन्स्पेक्टर कसाबसा म्हणाला, आणि पट्टी अगदी हळू टेकवली. दहाएक नंबरांनंतर मात्र तो जरा रंगात आला.

समोरच्या सेंटरचा मालक शटर ओढत होता तेव्हा पट्टी, म्हणजे पडद्यावरची, काठोकाठ भरली. लगेच फोन. "आली, मास्तर. सगळे नंबर जुळले. पुढल्या महिन्याची कागदपत्रं उद्या पाठवतो." सरांनी फोन ठेवला आणि खुर्चीत असे बसले की पाठीचा ताठपणा कुठच्या कुठे गेला. मॅडमने पंखा लावला.

पुन्हा फोन वाजला. या वेळी आप्पा धावले. "माझा असेल!"

तो त्या बाईंचा होता. "दुपारपासून शीळ नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बरे आहेत ना सर? गेली का फाईल?"

"गेली," आप्पा ऐटीत म्हणाले. "आम्हीच पाठवली."

इन्स्पेक्टरला निघण्याआधी इंग्रजीत अहवाल टाइप करायचा होता. तो सवयीने खिडकीजवळच्या तिसऱ्या मशीनपाशी गेला, कव्हर काढलं, कागद चढवला. पाठ सरळ, कोपरं अंगाला. नजर समोरच्या फाईलवर. खडखड खडखड. लाईनमधे दोष आढळला, दुरुस्त केला, शिळेची तक्रार निकाली. मग कंपनीचा नंबर आला. पाच, सहा...

सर पट्टी घेऊन त्याच्या मागे उभेच होते. इन्स्पेक्टरचं उजव्या हाताचं बोट, करंगळीशेजारचं, डौलात उतरलं आणि एल वाजला.

सरांनी वाकून कागद बघितला. एक अगदी झकास उमटला होता.

"शाबास," सर म्हणाले, आणि त्याच्या हातांवर फडकं टाकलं.